सोयाबीन पिवळे दिसले, तर युरियाआधी मुळावरच्या गाठी पाहा

सोयाबीन महिनाभराचे झाले आणि जुलैच्या झडीत त्यावर पिवळसर छटा आली, की अनेक जण नत्र कमी पडला असे समजून लगेच युरियाचे, म्हणजे नत्रखताचे, पोते फोडतात. त्याआधी दोन-चार झाडे खुरप्याने मातीसह अलगद काढावीत, कारण ओढून उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे धुऊन गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी किंवा लालसर दिसणारी गाठ झाडाला हवेतील नत्र देण्याचे काम करत असते. पांढरी गाठ अजून कामाला लागलेली नसते आणि हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते.

हवेत सुमारे 78 टक्के नत्र असला, तरी त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कोणतेही पीक तो थेट घेऊ शकत नाही. विजांच्या कडकडाटाने थोडा नत्र पावसाबरोबर जमिनीत उतरतो, पण निसर्गातील हे काम मुख्यतः जिवाणूच करतात. सोयाबीनच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्राचा अमोनिया करून तो झाडाला देतात आणि त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जमिनीत आयता नत्र मुबलक मिळाला, तर झाड ही साखर खर्च करत नाही व गाठी कमी धरते. त्यामुळे पेरणीच्या वेळी नत्राची शिफारशीत मात्रा दिलेली असेल आणि गाठी गुलाबी असतील, तर वरून युरिया देणे हा पैशाचा आणि गाठींचा, दोन्हींचा तोटा आहे.

मग पिवळेपणा कशाचा? शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीयुक्त जमिनीत बहुधा लोहाची कमतरता असते. पाणी साचले असेल, तर गाठींना हवा मिळत नाही आणि मातीतील नत्र वायुरूपाने उडून जातो. तेथे आधी चर काढावेत व वाफसा (मशागतीस योग्य ओलावा) येताच कोळपणी करावी, म्हणजे ओळींमधली माती मोकळी करावी. खालची जुनी पाने सारखी पिवळी पडली असतील आणि गाठीही नसतील, तरच 2 टक्के युरियाची फवारणी योग्य ठरते.

अशा शेताची नोंद ठेवून पुढील पेरणीपूर्वी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम संवर्धक (गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचे खत) चोळावे व बियाणे सावलीत सुकवावे. पाकीट सोयाबीनचेच घ्यावे. तुरीचे किंवा हरभऱ्याचे येथे उपयोगी पडत नाही. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, संवर्धक सर्वांत शेवटी.