केमो चालू असलेल्या लेकराला ताप आला तर: थर्मामीटरपासून सलाईनपर्यंत

माझ्या धाकटीला चौथ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. ए.एल.एल., म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. पहिले आठ महिने आम्ही मुंबईत परळला राहून काढले, पुढची पावणेदोन वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी राहून मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून द्यायच्या केमोच्या गोळ्या दिल्या. या काळात ती तापाने अकरा वेळा ॲडमिट झाली. पहिल्या दोन वेळा मी चुकले. नंतरच्या नऊ वेळा जे केलं, ते इथे लिहिते आहे.

रोजचं आधी थोडक्यात. पाणी उकळून गार केलेलं. जेवण घरचं, ताजं, गरम; सकाळची भाजी रात्री नाही. कच्ची काकडी, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, गाड्यावरची चटणी, उसाचा रस बंद. फळं सोलून खायची तेवढीच, तीही आधी धुऊन. मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर गुळणी. घरात येणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवायचे, मग तो सख्खा मामा का असेना. हे सगळं वॉर्डातल्या सिस्टरांनी तुम्हाला पढवलेलंच असेल.

गोळ्यांबद्दल एकच गोष्ट बजावते. मेंटेनन्सच्या दोन गोळ्या: ६-एमपी (मरकॅप्टोप्युरिन) रोज, मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच. दोन्ही डबे एका जागी ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या कुणी मेथोट्रेक्झेट चुकून रोज दिली तर जिवावर बेततं. आम्ही कॅलेंडरवर दर बुधवारी लाल पेनाने ‘मेथो’ लिहून ठेवायचो आणि गोळी पोटात गेल्यावरच त्यावर काट मारायचो.

आता तापाकडे येते.

केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी पहिल्यांदा लढतात, आणि त्याच सर्वांत जास्त पडतात. रिपोर्ट हातात आला की हिशोब स्वतः करायला शिका: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर लढणाऱ्या पेशी फक्त २४०. ५०० च्या खाली गेलं की लेकरू उघड्यावर पडल्यासारखं असतं. बऱ्याच औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास काउंट, म्हणजे या पेशींचे आकडे, सगळ्यात खाली असतात. केमोचा दिवस कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे दिवस मोजा.

या काळात ताप हे कित्येकदा एकमेव लक्षण असतं. पू होत नाही, सूज दिसत नाही, कारण पू करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. ‘सर्दी नाही, खोकला नाही, मग साधाच ताप असेल’ असं शेजारीण म्हणेल, नात्यातला कुणी कंपाउंडर म्हणेल. ऐकू नका.

पहिल्या वेळेला मी काय केलं ते सांगते. केमोचा नववा दिवस. रात्री दोनला तिच्या अंगाला हात लागला, चटका बसला. थर्मामीटर लावलं, १०१.२. घरात पॅरासिटामॉलचं सिरप होतं, ते दिलं. तासाभरात ताप ९९ वर आला, ती झोपली, मीही झोपले. सकाळी उठवायला गेले तर हातपाय गार, नखं निळसर, हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत साडेसात झाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ताप किती वाजता आला? मी म्हटलं, दोनला. ते मला काही बोलले नाहीत. फाइलवर दोन आकडे एकाखाली एक लिहिले, २ आणि ७.३०, आणि त्यांच्याखाली रेघ ओढली. पुढचे चार दिवस ती आयसीयूत होती.

पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, रक्तातले जंतू तिथेच राहतात. म्हणून पहिला नियम: मोजल्याशिवाय आणि युनिटशी, म्हणजे केमो देणाऱ्या कॅन्सर विभागाशी, बोलल्याशिवाय तापाचं औषध द्यायचं नाही. मेफ्टाल, कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन तर घरातच ठेवू नका. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, आधीच कमी असताना त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तुमच्या गावात दर दुसरं घर मेफ्टाल पाजतं हे मला माहीत आहे. त्यांच्या मुलांना केमो चालू नाही.

मोजायचं ते डिजिटल थर्मामीटरने, काखेत, घाम पुसून, बीप वाजेपर्यंत हात अंगाशी धरून. हात लावून ‘कणकण वाटतेय’ हे माप नव्हे. गुदद्वारात थर्मामीटर कधीही नाही, तिथे एवढीशी जखमही जंतूंना वाट करून देते. त्याच कारणाने तापाची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) नाही, एनिमा नाही. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, पण मनाने त्यात अंश मिळवत बसू नका. जो दिसला तो आकडा, कुठे मोजला ते आणि वेळ कागदावर लिहा. आम्हाला युनिटने १००.४ हा आकडा दिला होता, म्हणजे ३८ सेल्सिअस. काही ठिकाणी एकदाच १०१ किंवा तासभर टिकलेला १००.४ असं सांगतात. तुमच्या फाइलवर जे लिहिलंय ते तुमच्यासाठी खरं. लिहिलेलं नसेल तर पुढच्या ओपीडीला लिहूनच घ्या.

आणि आकडा नसला तरी निघायची वेळ कोणती, हेही ओळखा. स्टेरॉइड चालू असताना ताप दबलेला राहू शकतो. लेकरू गळून गेलं, हातपाय गार पडले, पोट खूप दुखतंय, सकाळपासून लघवी झालेली नाही, तर थर्मामीटर ९८ दाखवो, निघा. पिकलाइन, हिकमन किंवा पोर्ट, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी (लाइन) असेल आणि ती सलाईनने फ्लश केल्यावर, म्हणजे धुतल्यावर, तासाभरात हुडहुडी भरली, तर जंतू लाइनमध्ये आहेत असंच धरून चाला. तिसऱ्या खेपेला आमचं तेच झालं. ‘आई, दात वाजतायत,’ म्हणाली आणि स्वतःच दोन्ही हातांनी हनुवटी दाबून बसली.

ताप दिसल्यापासून शिरेतून अँटिबायोटिक सुरू होईपर्यंत जितका कमी वेळ जाईल तितकं चांगलं, आणि दवाखान्यात पोचल्यावर एका तासाच्या आत ते लागलं पाहिजे. परळला हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर खोली असताना हे सोपं होतं. गावी ते अवघड आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

माझी दुसरी चूक तिथली. वेळेत निघालो, एका मोठ्या दवाखान्यात पोचलो, केस पेपर काढला आणि रांगेत बसलो. शेजारी गोवर उठलेलं एक मूल, समोर खोकणारी तीन. अडीच तास. मग एक ब्रदर आले आणि कमरेत इंजेक्शन देतो म्हणाले. प्लेटलेट अवघ्या १८,००० होत्या. मी हात धरला म्हणून ते थांबले, नाहीतर आत रक्ताची गाठच धरली असती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. असं मूल त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं आणि मीही त्यांना काही सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: तुमच्या गावाजवळचा बालरोगतज्ज्ञ ताप यायच्या आधी गाठा. लेकरू बरं असताना, दुपारच्या निवांत वेळी. फाइल घेऊन जा. युनिटकडून एक पत्र लिहून आणा: आजार कोणता, केमोचा टप्पा कोणता, ताप आल्यास कोणतं अँटिबायोटिक किती मात्रेत द्यायचं, आणि फोन कुणाला करायचा. सरळ विचारा, ‘रात्री दोनला आलो तर तुमच्याकडे शीर सापडेल का, हे औषध हाताशी असेल का?’ नाही म्हणाले तर राग मानू नका, दुसरीकडे जा. आम्हाला तिसऱ्या डॉक्टरांनी हो म्हटलं. त्यांनी आमच्यासमोर मेडिकलवाल्याला फोन करून त्या औषधाच्या दोन कुप्या कायम ठेवायला सांगितल्या. त्यानंतर तिला एकदाही आयसीयू लागला नाही.

पत्राची झेरॉक्स काढून लॅमिनेट करा आणि दाराच्या खिळ्याला पिशवीसकट टांगा. पिशवीत फाइल, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट), सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, रोख पैसे, चार्जर, एक जोडी कपडे, मास्क, थर्मामीटर आणि तिची आवडती वस्तू. आमच्याकडे तो स्टीलचा छोटा चमचा होता, तो हातात असला की ती सुई टोचून घ्यायची. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. कुणीच नसेल तर १०८.

निघतानाच युनिटला आणि गावच्या डॉक्टरांना फोन करा. दारात पोचल्यावर रांग नाही. खिडकीपाशी जाऊन तीन शब्द मोठ्याने बोला: केमो, ताप, न्यूट्रोपेनिया (म्हणजे न्यूट्रोफिल कमी झालेत). रात्री रडवेल्या आईचं लांबलचक बोलणं ऐकायला तिथे कुणाला सवड नसते, या तीन शब्दांना ड्युटीवरचा डॉक्टर उठतो. नाहीच उठला तर पत्र त्याच्या हातात द्या आणि युनिटच्या डॉक्टरांशी त्याला तिथल्या तिथे फोनवर बोलायला लावा. संकोच करू नका. मी घरात मोठ्यांपुढे आवाज चढवणारी बाई नाही, पण तिथे चढवला.

त्यानंतरचा क्रम: सीबीसी आणि ब्लड कल्चरचं (रक्तात कोणते जंतू आहेत ते बघायचं) रक्त घ्यायचं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं. रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. ‘काउंट येऊ द्या, मग ठरवू,’ असं कुणी म्हणालं तर पत्रातली ती ओळ बोटाने दाखवा. परवा काउंट चांगले होते म्हणून आजही असतील असं धरता येत नाही. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको म्हणून तुम्हीच सांगा. ६-एमपी आणि मेथोट्रेक्झेट चालू ठेवायचं की थांबवायचं ते युनिटला विचारा, मनाने नाही.

घरच्यांबद्दल. काढे, गव्हांकुराचा कच्चा रस, पपईच्या पानांचा रस, गोमूत्र: यातलं काहीही नाही. असल्या न उकळलेल्या गोष्टींतून तिच्या पोटात जंतू जाऊ शकतात आणि काढ्यातलं काय गोळ्यांशी भिडेल ते कुणी सांगू शकत नाही. माझ्या सासूबाई देवाचा अंगारा जिभेवर ठेवायच्या. मी त्यांना म्हटलं, आई, कपाळाला लावा, पोटात नको. त्यांनी ऐकलं. माणसं मायेपोटी करतात, त्यांना जागा दाखवून दिली की ऐकतात.

भावंडांचं एक राहिलं. घरात दुसरं लहान मूल असेल तर पोलिओच्या रविवारी बूथवर नेण्याआधी युनिटला विचारा. तोंडावाटेच्या डोसात जिवंत विषाणू असतो आणि तो शौचातून बाहेर पडतो. आमच्या पुतण्याला त्याऐवजी इंजेक्शनची लस दिली. शाळेत किंवा वाड्यात कुणाला कांजिण्या निघाल्या आणि तुमचं मूल त्याच्याबरोबर खेळलेलं असेल, तर पुरळ दिसायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. त्यावरचं संरक्षण देणारं औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं.

डिस्चार्ज घेऊन घरी आलात की आंघोळीआधी पिशवी भरा. वापरलेले पैसे परत ठेवा, नवा सीबीसी फाइलला वरच्या बाजूला लावा, थर्मामीटरचा सेल तपासा आणि मेडिकलवाल्याला दुसरी कुपी मागवायला सांगा.