कोल्हापूर–दाजीपूर–आंबोली: तीन दिवसांच्या गाडीप्रवासाची आखणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या वाटेचा खरा हंगाम. पावसाळ्यात दाजीपूरची जंगलसफारी बंद असते आणि आंबोलीत चार हात पुढचं दिसत नाही. हिवाळ्यात हवा गार आणि रस्ते कोरडे असतात, पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून आखणी करताना किलोमीटर मोजण्याआधी उजेडाचे तास मोजा. सरासरी वेग ताशी ३० ते ३५ किलोमीटरच धरा आणि साडेपाचला मुक्कामी पोचाल असं बघा.

अंधाराची भीती घाटापेक्षा उसामुळे जास्त आहे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. राधानगरी रस्त्यावर परितेजवळ भोगावती कारखाना, मुदाळ तिट्ट्याजवळ बिद्री. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात ती अजिबात दिसत नाही. ओव्हरटेक करताना पुढे एकच ट्रॉली आहे असं कधीही गृहीत धरू नका. शिवाय राधानगरीच्या पुढे संध्याकाळी गवे रस्ता ओलांडतात. एक गेला की थांबा, मागे कळप असतो. हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका.

पहिला दिवस: सकाळी सातला रंकाळ्यावरून पुईखडीमार्गे निघा. राधानगरी सुमारे ५५ किलोमीटर. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे बघून दुपारच्या आत दाजीपूर गाठा. जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते. आतला रस्ता कच्चा आणि दगडांचा आहे. कमी उंचीच्या गाडीचा ऑइल चेंबर फुटू शकतो, तेव्हा तिथली जीपच घ्या. मुक्कामाला राधानगरीला परत या. जेवण दुपारीच सांगून ठेवा. ऐनवेळी भाकरी मिळेलच असं नाही.

दुसरा दिवस: राधानगरी, मुदाळ तिट्टा, गारगोटी, आजरा, आंबोली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण गावं आणि वळणं इतकी की चार तास हाताशी ठेवा. आजऱ्यात हिरण्यकेशी नदीवरचं रामतीर्थ वाटेतच आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. दरीच्या कड्यावरच्या कावळेसाद पॉइंटला वारा फार असतो, कठड्याच्या आतच राहा.

या वाटेची सोय अशी की दाजीपूर फोंडा घाटाच्या माथ्यावर आहे आणि आंबोली आंबोली घाटाच्या, त्यामुळे मोठा घाट उतरावाच लागत नाही. सावंतवाडीकडे उतरायचं ठरवलंच, तर ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुधा दुसरा. न्यूट्रल नाही, ब्रेकवर सतत पाय नाही. तापलेलं ब्रेक ऑइल उकळलं की पेडल पोकळ जातं. जळका वास आला तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबा आणि चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

पहाटे धुकं असेल तर नऊनंतर निघा. निघावंच लागलं तर लो बीम लावा. हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला वळण कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी आणि गरम हवा एकत्र सोडा, बाहेरची हवा आत येऊ द्या.

निघण्याआधी टायर थंड असताना हवा बघा, स्टेपनीचीही, आणि जॅक गाडीत आहे का तेही बघा. टाकी कोल्हापुरातच फुल्ल करा. दाजीपूर भागात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि थोडी रोकड ठेवा.

तिसऱ्या दिवशी आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायचा असेल तर जुना मागा. नवा शिजताना चिकट होतो. तिथून उत्तूर, निपाणी आणि पुणे–बंगळूर महामार्गाने कोल्हापूर. निपाणी कर्नाटकात येतं, तेव्हा विमा आणि पीयूसीची मुदत आधीच तपासा.