छोट्या कॅबिनेटला मॉड्युलर पॉवर सप्लाय बसवताना

मिनी-आयटीएक्स (छोट्या मदरबोर्डच्या) कॅबिनेटचं बाजूचं झाकण काही केल्या लागेना. जुन्या एटीएक्स, म्हणजे नेहमीच्या मोठ्या मापाच्या, सप्लायच्या कायमच्या जोडलेल्या केबल्सचा गुंता थेट ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला टेकत होता. मग मॉड्युलर, म्हणजे हव्या तेवढ्याच केबल्स जोडता येणारा, सप्लाय घ्यायला पुण्यातली तपकीर गल्ली गाठली.

दुकानदार म्हणाला, "एसएफएक्स-एल घ्या साहेब, पंखा मोठा, आवाज कमी." खरंय, पण एसएफएक्स या छोट्या मापाचा तो लांब प्रकार; तो १३० मिमी खोल, साधा एसएफएक्स १०० मिमी. शिवाय मॉड्युलरचे प्लग मागे बाहेर येतात आणि केबल वळायलाही जागा लागते. बॉक्सवरच्या मापात हे धरलेलं नसतं. माझ्याकडे कॅबिनेटमधलं टेपने मोजलेलं अंतर होतं, त्यामुळे वाद मिटला. एसएफएक्स घेतला, ६५० वॉटचा. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि २०० वॉटचं कार्ड, एवढ्याला तो भरपूर. हजार वॉटचा आग्रह कशाला करतात कोण जाणे!

साटा (ड्राइव्हच्या) आणि जादा पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाच्या) केबल्स जोडल्याच नाहीत; एसएसडी एम.२, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी, आहे. मात्र दुसऱ्या सप्लायच्या केबल्स यात लावू नका. सप्लायच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी मॉडेलचीही वेगळी. प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव्ह जळतो.

एसएफएक्स सप्लाय एटीएक्सच्या खाचेत बसवायला पत्र्याची ब्रॅकेट लागते. ती बॉक्समध्ये आहे का, दुकानातच बघा.