साफसफाईनंतर पीसी आपोआप बंद पडतोय? आधी सेकंद मोजा

दिवाळीची आवराआवर चालू असते, माळा झाला, पंखे पुसून झाले की मग नजर जाते टेबलाखालच्या कॅबिनेटवर. झाकण उघडलं, ब्लोअर मारला, ब्रश फिरवला, परत लावलं, बटण दाबलं आणि लोगो येतो न येतो तोच ठप्प. माझंही असंच झालं होतं, आणि घरच्यांचा निकाल लगेच लागला की "चांगला चालू होता, कशाला हात लावलास". तर घाबरू नका, सफाईनंतर बंद पडणारा पीसी बहुतेक वेळा जळलेला नसतो, काहीतरी हललेलं असतं.

पण सारखं सारखं बटण दाबून बघत बसू नका. दोनतीनदाच चालू करा आणि मोबाईलवर टायमर लावून बघा की नक्की किती वेळात बंद पडतो, कारण अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

त्याआधी एक साधी गोष्ट, मागची पॉवर कॉर्ड अंगठ्याने आत दाबून बघा. पुसताना ती अर्धवट बाहेर आलेली असते, आणि जुना स्पाइक बोर्ड असेल तर तोही बदलून बघा. हसू नका, यात लोकांचे दोन-दोन तास गेलेत.

आता प्लग काढा, पॉवर बटण पाचदहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा आणि मग आत हात घाला.

चालू केल्या केल्या एकदोन सेकंदात बंद होत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पॉवरची पिन नीट बसलेली नाही. आत एखादा स्क्रू पडलाय का टॉर्च मारून बघा. २४ पिनचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा छोटा कनेक्टर, दोन्ही काढून क्लिक होईपर्यंत परत बसवा, हा छोटा कोपऱ्यात असतो म्हणून सगळे विसरतात. रॅम पण काढून, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसून, परत दाबून लावा.

बरोबर चारपाच सेकंदांनी, दर वेळी तेवढ्याच वेळात बंद पडतोय? मग पुढचं पॉवर बटण अडकलंय का बघा. बटण ४ सेकंद दाबून धरलं की पीसी जबरदस्तीने बंद होतो हे आपल्याला माहीत आहेच, तर सफाईत ते बटण आत रुतलं की मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, वाटतं कोणीतरी दाबूनच बसलंय. मदरबोर्डवरून पॉवर स्विचची छोटी वायर काढा आणि त्या दोन पिनांना (त्याच दोन, शेजारच्या नाही) स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून पीसी चालू करा. आता टिकला तर दोष बटणाचा.

पण सगळ्यात जास्त वेळा होतं ते वेगळंच, अर्ध्या मिनिटापासून ते पाचदहा मिनिटांत बंद. हे म्हणजे प्रोसेसर तापतोय. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आधी तो स्वतःच वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जळण्यापेक्षा सगळंच बंद करतो. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन) जा आणि तापमान बघा. ४०-५० वर थांबलं तर ठीक, पण डोळ्यांदेखत ७०, ८०, ९० चढत गेलं तर लगेच बंद करा.

मग हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा. आधी त्याच्या पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच आहे ना बघा. मग बंद पीसीत हीटसिंक बोटांनी हलकेच हलवा, डुगडुगला तर चोर सापडला. इंटेल प्रोसेसरच्या डब्यात मिळणाऱ्या कूलरला (हीटसिंक आणि पंखा मिळून) चार काळ्या पिना असतात, त्यातली एक जरी उचकली तरी एका बाजूने फट पडते. माझी एकच पिन निघाली होती, एकच! अशा वेळी ती नुसती दाबून चालत नाही, कारण प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधल्या, उष्णता पोचवणाऱ्या थर्मल पेस्टमध्ये हवा शिरलेली असते. हीटसिंक पूर्ण काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवीन पेस्ट लावा. पिनेवरच्या बाणाच्या दिशेने फिरवलं की ती सुटते, त्यामुळे बसवताना चारही पिना बाणाच्या उलट फिरवून ठेवा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने टक आवाज येईपर्यंत दाबा. मदरबोर्डच्या मागून चारही टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

एएमडीचा एएम४ सॉकेटवाला प्रोसेसर असेल तर कूलर सरळ वर ओढू नका, डावीउजवीकडे हळूहळू फिरवत सोडवा, नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात.

एरवी चालतो पण गेम लावला की बंद पडतो, असं असेल तर दोष पेस्टचा किंवा एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्याचा. ब्लोअरने धूळ आत ढकलली जाऊन त्याचा पंखा अडकलाय का जाळीतून बघा, पण एसएमपीएस उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. मित्राचा तेवढ्याच वॉटचा आणून लावून बघा.

ओल्या फडक्याने पुसलं असेल किंवा हवेचा कॅन उलटा धरून मारला असेल तर आत ओल गेलेली असू शकते, एक दिवस उघडा ठेवून वाळू द्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची नोंदवही) कर्नल पॉवर ४१ ही नोंद दिसेल, त्याच्या नादी लागू नका, पीसी अचानक बंद पडला एवढंच ते सांगतं, ते तर आपण बघितलंच.

सगळं जोडून झाल्यावर बाजूचं झाकण न लावता अर्धा तास चालवा. मग झाकण लावा, आणि झाकण लावल्यावरच परत बंद पडायला लागला तर ते उघडून बघा, त्याने एखादी वायर पंख्यात ढकललेली असते.