पक्षी-स्थलांतर केंद्रातला पहिला हंगाम: हेल्गोलँडला जाण्यापूर्वी

हेल्गोलँड म्हणजे उत्तर समुद्रातला जेमतेम 1 चौरस किलोमीटरचा तांबडा खडक. हाइनरिख गेट्के 1837 मध्ये चित्रं काढायला तिथे गेले आणि पन्नासहून जास्त वर्षं पक्ष्यांच्या नोंदी करत राहिले. त्यांच्या चिकाटीइतकीच त्यांची चूकही समजून घ्या. ब्लूथ्रोट हा निळ्या गळ्याचा लहान पक्षी वाटेत फारसा कुणाला दिसत नाही, म्हणजे तो आफ्रिकेतून एका रात्रीत इथे पोचत असणार, असा हिशेब त्यांनी मांडला. प्रत्यक्षात हा पक्षी टप्प्याटप्प्याने येतो आणि मुक्कामात झुडपांत दडून बसतो. म्हणून ‘दिसला नाही’ लिहिताना कुठे, किती वेळ शोधलं तेही लिहा. वारा, ढग रोज ठरल्या वेळी. पक्षीच नसलेल्या दिवसाचं पान कोरं सोडायचं नाही, शून्य लिहायचं.

पकडायला फनेल सापळा. बेटावरचे लोक खाण्यासाठी कस्तूर धरायला झुडपं रोवून त्यांना जाळी लावत. पुढे 1910 मध्ये निघालेल्या पक्षीकेंद्राने त्याच युक्तीवरून हा मोठा सापळा बसवला. तोंड रुंद, आत झुडपं, जाळी निमुळती होत शेवटी काच लावलेली पेटी. पक्षी उजेडाकडे झेपावतो आणि पेटीत अडकतो. हाकताना घाई नडते: धावलात की लहान पक्षी उलटे फिरून डोक्यावरून निसटतात. झुडपं हलकेच थोपटत पुढे सरका. पेटीत शिकारी पक्षी शिरला असेल तर आधी तो काढा. बाकीचे त्याच्या तावडीत असतात.

हातात धरताना मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, पाठ तळव्याला. छाती दाबायची नाही. ती हलली नाही तर पक्षी गुदमरतो. आधी पायात आकडा कोरलेली कडी, मग पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये. मग गळ्याखालच्या पिसांवर फुंकर मारून खळगी बघायची: लालसर, खोलगट असेल तर चरबी संपलेली, पिवळी फुगीर असेल तर पुढच्या उड्डाणाची शिदोरी भरलेली. वजन शेवटी, 0.1 ग्रॅमपर्यंत, आणि तिथूनच सोडून द्यायचा.

सगळ्यात महागात पडते ती कडीवरच्या आकड्याची चूक. घालणाऱ्याने मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. 1 चा 7 झाला, तर काही वर्षांनी दुसऱ्या देशात सापडलेला कस्तूर तुमच्या वहीत फुटकी, म्हणजे भलताच पक्षी निघतो.