अल्झायमरच्या रुग्णाशी वागताना या चुका टाळा

"माझ्या पाटल्या सुनेनेच घेतल्या," असे आजी म्हणू लागल्या की घरचे लगेच त्यांना खोटे ठरवायला धावतात, आणि पहिली चूक तेथेच होते. अल्झायमरमध्ये मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होत असल्याने नुकत्याच घडलेल्या गोष्टीची नोंदच टिकत नाही. पाटल्या आपणच उशीच्या अभ्र्यात ठेवल्या हे आजींना आठवत नाही, म्हणून त्या चोरीला गेल्या असेच त्यांना खरोखर वाटते. वाद घातल्याने आठवण परत येत नाही, भीती मात्र वाढते. "चला, आपण दोघी मिळून शोधू," असे म्हणून शोधायला लागावे. सुनेने आरोप मनाला लावून घेऊ नये हे सांगणे सोपे आहे. पण आजींच्या माघारी बाकीच्यांनी तिची बाजू स्पष्टपणे घेतली, तरच तिला ते पेलवते.

"मी कोण, ओळखा पाहू?" अशी परीक्षा पाहुण्यांनीही घेऊ नये. आपले नाव आणि नाते आपणच सांगावे.

मायेपोटी सगळे आपणच उरकून टाकणे हीदेखील चूकच आहे, कारण वापरात न राहिलेले कौशल्य लवकर सुटते. "आंघोळ करून घ्या" या एका वाक्यात कितीतरी कृती दडलेल्या असतात आणि त्यांचा क्रम रुग्णाला लागत नाही. त्यामुळे पाणी आधीच काढून ठेवावे, तांब्या हातात द्यावा, "आता पायावर पाणी घ्या" एवढेच सांगावे आणि ते होईपर्यंत थांबावे. नकार आला तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे.

संध्याकाळी "मला घरी जायचंय" हा धोशा सुरू होतो. अंधार पडण्याआधी दिवे लावावेत आणि हुज्जत न घालता अंगणात एक फेरी मारून आणावी.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ किंवा चिडचिड "आजारच वाढला" म्हणून सोडून देणे. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, शरीरातील पाणी कमी होणे, सांगता न येणारे दुखणे किंवा एखादे नवे औषध, अगदी ॲलर्जीची काही प्रकारची गोळीसुद्धा, त्यामागे असू शकते. वृद्धांना संसर्गात ताप येतोच असे नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रुग्ण शांत राहावा म्हणून मनाने गोळ्या देणे तर धोक्याचेच आहे: डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ज्यात अल्झायमरही मोडतो) वृद्ध रुग्णांमध्ये अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवर दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्येच दिला आहे. डॉक्टरांकडे जाताना सुरू असलेली सगळी औषधे, चिठ्ठीविना आणलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत.