स्त्री-आकृती रेखाटताना आधी भार पाहावा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रांत आपण सगळ्यांनीच पाणवठ्यावरच्या बायका काढलेल्या असतात. डोक्यावर घागर, अंगावर साडी आणि साडीच्या आत काहीच नाही. परीक्षेत ते खपून जाते, पण पुढे मानवाकृतीचा अभ्यास सुरू झाला की हीच सवय आडवी येते. स्त्री-आकृती काढायची म्हटले की नवशिक्याचा हात थेट वळणदार बाह्यरेषेकडे जातो आणि पाच मिनिटांत कागदावर डमरू उभा राहतो. बाह्यरेषा वास्तविक शेवटी यायला हवी. त्याआधी शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे पाहावे लागते.

मोजमापाचे काम फार वेळ घेत नाही. हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची हे एक माप धरले तर उभी व्यक्ती साधारण साडेसात मापांची भरते. अभ्यासाच्या सोयीसाठी आठ धरतात. आठच्या हिशेबात दुसरे माप स्तनाग्रांशी, तिसरे बेंबीशी आणि चौथे जांघेशी संपते, म्हणजे देहाचा मध्य कमरेवर येत नाही, तो कमरेच्या बराच खाली असतो. हात सैल सोडला तर कोपर कमरेशी आणि मनगट जांघेच्या पातळीवर येते. स्त्रीची उंची कमी म्हणून मापे कमी धरण्याची चूक पुष्कळजण करतात, परंतु तिचे डोकेही त्याच प्रमाणात लहान असल्याने संख्या जवळपास तीच राहते.

खरा फरक सांगाड्यात आहे. स्त्रीचा छातीचा पिंजरा अरुंद असतो आणि श्रोणी, म्हणजे ओटीपोट ज्यात बसते ते हाडांचे खोलगट भांडे, तुलनेने रुंद व उंचीला कमी असते. त्यामुळे या दोहोंमधली मऊ जागा लांब दिसते आणि तिथेच कंबर बारीक होते. रुंद श्रोणीपासून निघालेली मांडीची हाडे गुडघ्याकडे येताना आत झुकतात, म्हणून पाय दोन समांतर खांबांसारखे काढले की आकृती ताठरते. स्तन हे सपाट छातीवर चिकटवलेले दोन गोल नव्हेत. पिंजऱ्याच्या गोलाईवर बसल्यामुळे त्यांची दिशा किंचित बाहेरच्या बाजूला असते.

आता भाराकडे वळू. लेडीज डब्यात दांडी धरून उभी असलेली बाई पाहा. दादर येईपर्यंत ती किमान तीनदा पाय बदलते. ज्या पायावर भार असतो त्या बाजूची श्रोणी वर उचलली जाते, दुसरी खाली उतरते आणि तोल सांभाळण्यासाठी भाराच्या बाजूचा खांदा खाली येतो. खांद्यांची आणि श्रोणीची अशा दोन तिरप्या रेषा आधी मारून घ्याव्यात. मग गळ्याच्या खळगीतून ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी उभी रेषा, सोडावा. भार एकाच पायावर असेल तर तो त्या पायाच्या घोट्याच्या आसपास पडला पाहिजे. तो दोन्ही पावलांच्या बाहेर गेला तर आकृती पडते आहे असे समजून रेषा पुसाव्यात. या अभ्यासाला एका आकृतीमागे दोन मिनिटे आणि कोळशाचा तुकडा पुरेसा आहे. (डब्यात कोणाच्या चेहऱ्याकडे टक लावून रेखाटन करू नये, पाहून घ्यावे आणि उतरल्यावर फलाटावर काढावे.)

हे शिकायला मॉडेल मिळत नसेल तर गेटवेवरून लाँच धरून घारापुरीला जावे. सोमवारी लेणी बंद असतात. तिथल्या अर्धनारीश्वराच्या एकाच देहात स्त्री आणि पुरुष दोन्ही आकृती शेजारी-शेजारी मिळतात. आपल्या उजव्या हाताला दिसणारी पार्वतीची बाजू आधी निरखावी. तिकडची कटी बाहेर झोकलेली आहे आणि शिवाच्या बाजूला ते वळण नाही. दोन्ही अर्धे वेगवेगळ्या कागदांवर काढून पाहिले तर फरक हाताला कळतो.

कपडे शेवटी. साडीच्या वळ्या मनाने काढू नयेत, कारण प्रत्येक वळी कुठल्या तरी टेकूपासून निघते: पदर खांद्यापासून, निऱ्या कमरेपासून, आणि चालताना पडणाऱ्या ताणरेषा पुढे आलेल्या गुडघ्यापासून. पाचवारीच्या निऱ्या पायांमधली जागा झाकून टाकतात, म्हणून आतले दोन्ही पाय फिकट पेन्सिलने आधी काढणे भाग आहे; नऊवारीचा काष्टा मात्र मांडी-पोटरीचा आकार बराचसा उघड करतो आणि तिथे लपवालपवी चालत नाही. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांची स्त्री-चित्रे या दृष्टीने पाहावीत. पदराच्या आतला खांदा नेमका कुठे आहे, यावर तिथे बोट ठेवता येते. आपल्या चित्रात तसे बोट ठेवता आले नाही, तर साडी पुसून पुन्हा श्रोणीच्या तिरप्या रेषेपासून सुरुवात करावी.